डाव्या कौलानंतर

पूजेला बसल्यावर मी फोन घेत नाही, हे आमच्या नात्यागोत्यात सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच चैत्रातल्या त्या सकाळी, देवांना स्नान घालून अंगपुसणे हाती घेतले असताना आतल्या खोलीतला फोन वाजून थांबला, लगेच पुन्हा वाजला आणि तिसऱ्यांदाही वाजू लागला, तेव्हा काहीतरी मोडले आहे एवढे मला तो उचलण्याआधीच कळले. माझा भाचा मंदार बोलत होता. "मामा, आई गेली." मी विचारले, "कुठे?" असा प्रश्न अशा वेळी कुणी विचारत नाही, पण माझ्या तोंडून तोच निघाला... तो म्हणाला, "शेडमध्ये. पेट्या भरून घेत होती. कुणावर तरी ओरडत होती आणि मध्येच थांबली." माझी धाकटी बहीण वत्सला अशी गेली. ऐन हंगामात, उभ्याने, वाक्य अर्धे टाकून. अर्धे टाकलेले तिचे ते आयुष्यातले पहिलेच वाक्य असावे.

रत्नागिरीहून मी तिच्या गावी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. मालगुंडच्या अलीकडे कातळावर तिच्या सासरची आंब्याची बाग आहे. बागेला लागून घर, आणि घराला लागून ती पेट्या भरण्याची शेड. मी पादत्राणे काढीत होतो तेव्हा मागून शब्द कानी आले. बोलणारा कुजबुजतच बोलत होता, पण म्हाताऱ्यांना काही ऐकू येत नाही असे सगळेच गृहीत धरतात. "देवीचा डावा कौल मोडला होता तिनं. तो आज भोवला." हे मी ऐकले, आत गेलो आणि बहिणीच्या पायांशी बसलो. आता काही आठवडे लोटले आहेत. ज्या मनुष्याने बालपणापासून आजवर संध्या चुकवलेली नाही, ज्याची हयात गुरुजनांनी शिकवलेले जतन करण्यात आणि पुढच्यांना शिकवण्यात गेली, त्याने हे लिहिले तर कदाचित अंगणातल्या त्या मंडळींना ते वाचावेसे वाटेल. वत्सलेने काय मोडले आणि काय मोडले नाही, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढेच सांगतो.

आम्ही तीन भावंडे. मी थोरला, मधली वत्सला आणि शेवटचा बाळू. बाळूला रांगता येऊ लागले तेव्हा तो भिंतीवर, उंबऱ्यावर आदळे. पुढे त्याचे दोन्ही डोळे पार गेले. आमच्या वडिलांनी पडवीच्या छपरासाठी देवराईत वाऱ्याने उन्मळून पडलेले एक लाकूड आणले होते. राईतल्या लाकडाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नेम. पडलेले असले तरीही. बाळूचे डोळे त्या लाकडाने घेतले, असे गावाने ठरवले आणि वडिलांनी ते मान्य केले. पुढे त्यांनी ते छप्पर उतरवून लाकूड राईत नेऊन ठेवले, उपास केले, अनुष्ठाने केली. बाळू विशीच्या आतच तापाने गेला. वडील त्यानंतर बरीच वर्षे जगले, पण पडवीत कधी बसले नाहीत. वत्सला तेव्हापासूनच तापट. "पडलेलंच लाकूड होतं ना, दादा? मग देवाला राग कसला आला?" असे ती मला विचारी.

तिला बागायतदाराच्या घरी दिली. यजमान अकाली गेले, तेव्हा थोरले दीर नाना म्हणाले, बाग खंडाने देऊ. ती म्हणाली, "भावोजी, झाडं मला ओळखतात. खंडकऱ्याला कशाला ओळखदेख करून देत बसू?" आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बागेत उतरली. पेटी भरताना तिची नजर चुकवून डागी फळ थरात घालणे कुणाला जमले नाही. पण एका गोष्टीपुढे तीही हात टेकी. हापूसच्या पोटात साका होतो. गराचा पांढरट, घट्ट, आंबूस गोळा. वरून फळ निर्मळ, पिवळेधमक, सुवासिक. कापल्यावाचून कळत नाही. मुंबईचा एखादा गिऱ्हाईक चिडून फोन करी, तेव्हा ती शांतपणे सांगे, "साका आहे हो. तो झाडाचाही दोष नाही नि माझाही नाही. दुसरी पेटी पाठवते."

मंदारला मुलगी झाली, तिचे नाव मुक्ता. तिच्या बाबतीत पहिली शंका आली ती डॉक्टरांना नव्हे, आईबापांनाही नव्हे. मुक्ता चार-पाच महिन्यांची असताना कोणत्यातरी सणाच्या निमित्ताने वत्सला तिला ओवाळीत होती. तान्ह्या मुलाला ओवाळताना निरांजनाबरोबर त्याची नजर फिरते. घरोघर बायका ते पाहून हसतात. मुक्ताची नजर फिरली नाही. वत्सलेने तबक पुन्हा फिरवले, हळू फिरवले, डावीकडे नेऊन थांबवले. मी समोर पाटावर होतो. तिने तबक खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला. "बाळू." दुसऱ्या दिवशी ती रत्नागिरीच्या नेत्रवैद्यांच्या दारात, दवाखाना उघडण्याआधी, उभी होती. त्यांनी तपासले आणि आढेवेढे न घेता सांगितले की हे काम येथले नव्हे; लहान मुलांच्या दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया करणारे थोडे आहेत, मुंबईला जा, आणि हा हंगाम संपू दे, तो सण होऊ दे, असे करू नका. ते तिला सांगायची गरज नव्हती. आम्ही त्याच आठवड्यात हातखंब्याच्या फाट्यावरून मुंबईच्या रस्त्याला लागलो. मंदार, त्याची पत्नी रेवती, मांडीवर मुक्ता, वत्सला, आणि मी. मला का नेले, असे मी विचारले, तर म्हणाली, "तू गप्प बसतोस. गाडीत एक तरी गप्प बसणारा हवा."

मुंबईच्या डॉक्टरांनी मुक्ताला भूल देऊन डोळे तपासले आणि मग आम्हांला समजावले. डोळ्याच्या आतल्या बाजूस, दिव्याच्या मागच्या आरशासारखा, एक नाजूक पडदा असतो. त्यावर चित्र उमटते. त्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा गर्भातच कडेपर्यंत वाढायच्या असतात. या आजारात त्या कडेच्या अलीकडेच थांबतात, उपाशी राहिलेल्या कडेवर मग भलत्याच शिरा आणि पापुद्रे वाढतात, आणि ते पडद्याला ओढून त्याच्या जागेवरून सोडवतात. मुक्ताच्या डाव्या डोळ्यातला पडदा ओढला गेला होता. उजव्यात ओढ नुकती सुरू होत होती. उजव्यावर लेझर, डाव्यात शस्त्रक्रिया. केसाइतकी बारीक हत्यारे आत घालून, आतला दाट रस काढून, ते पापुद्रे सोडवायचे. डाव्याची पूर्ण नजर येणार नाही. काहीच केले नाही तर मात्र दोन्ही जातील. आणि मग ते म्हणाले, हे घराण्यातून येते. ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्याही डोळ्यांत ते असू शकते, म्हणून तुम्हां सर्वांचे डोळे तपासू द्या.

आमच्या डोळ्यांत थेंब घालून ओळीने बसवले. बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरची भिंत धुक्यात गेली. माझे डोळे निर्मळ निघाले; रेवतीचेही. मंदारच्या पडद्याची कड उपाशी होती. आणि वत्सलेचीही. साठी उलटलेली ती बाई, जिला पेटीतल्या तळच्या फळावरचा तीळही दिसे, तिच्या दोन्ही डोळ्यांत कडेच्या शिरा अगदी तशाच अलीकडे थांबलेल्या होत्या. बाळूचे जे झाले ते त्याच कारणाने झाले असणार, असे सगळे ऐकून डॉक्टर म्हणाले.  मग वत्सला म्हणाली, "म्हणजे साका. वरून पिवळाधमक आणि आत साका." डॉक्टरांना ते कळले नाही. मला कळले. परतीच्या वाटेवर ती बराच वेळ काचेबाहेर पाहत होती. डोळे पाणावलेले होते की थेंबांचा परिणाम होता, सांगता येत नाही. घाट उतरताना म्हणाली, "दादा, आपल्या अप्पांनी उगाच जन्मभर पडवी टाकली रे." 

गावी परतल्यावर खरा झगडा सुरू झाला. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. इकडे मुक्ताचे डोळे कशाने बिघडले याचा निवाडा घराने आधीच करून टाकला होता. रेवती पोटुशी असताना ग्रहण पडले होते आणि त्या वेळात तिने विळीवर वांगे चिरले होते, असे कुणीतरी पाहिले होते. ती बिचारी ते ऐकत होती, खालमानेने. आपण खरेच चिरले का, हे तिला स्वतःलाही आठवत नव्हते. नाना म्हणाले, इतक्या लहान पोरीच्या डोळ्याला हत्यार लावायचे तर ग्रामदेवीला विचारल्याशिवाय नाही. आमच्या भागात हे प्रघाताचे आहे. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावतो, प्रश्न घालतो, आणि उजवीकडची कळी आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. मी त्या प्रघाताला हसणारा मनुष्य नाही. आमच्या पूर्वजांनी वाटा त्या कळ्यांवर ठरवल्या, लग्ने ठरवली, विहिरी खणल्या. मीही सोवळे नेसून त्या दुपारी देवळात गेलो.

देऊळ भरले होते. सखाराम गुरवाने कळ्या लावल्या, प्रश्न घातला, आणि आम्ही सारे हात जोडून उभे राहिलो. डावी कळी गळली. नानांनी दीर्घ श्वास सोडला. रेवतीने मुक्ताला छातीशी आवळून धरले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने वत्सलेचा आवाज आला.

"सखाराम, प्रश्न काय घातलास?"

"पोरीच्या डोल्याला हत्यार लावावं का न लावावं, असा घातला, काकी."

"मग डावाच येणार. लेकराच्या डोळ्याला हत्यार लावा म्हणून कोणती आई सांगेल? मी तिच्या जागी असते, तर मीही डावाच दिला असता. प्रश्न बदल."

"प्रश्न बदलाचा रिवाज न्हाय वो, काकी," सखाराम अवघडून म्हणाला.

"गाऱ्हाणं घालायचा रिवाज आहे ना? मग मी गाऱ्हाणं घालते."

गाऱ्हाणे म्हणजे देवीपुढे उभे राहून, सर्वांच्या वतीने, मोठ्याने केलेले मागणे. ते गुरव घालतो किंवा गावचा मानकरी, गावकार घालतो. बाईने घातल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. नाना म्हणाले, "शास्त्रीबुवा, आवरा तुमच्या बहिणीला." मी म्हणालो, "नाना, देवीला आवरावंसं वाटलं तर ती आवरील. आपण ऐकू." वत्सला पुढे आली. पदर खोचला. हात जोडले, आणि शेडमधल्या बायांना सांगावे तशा ठणठणीत आवाजात बोलू लागली.

"आई, मी तुझ्या वाडीतली वत्सला. माझ्या नातीच्या डोळ्यांतला पडदा सुटत चाललाय. तो ग्रहणानं सुटलेला नाही, वांग्यानं सुटलेला नाही. माझ्या भावाचे डोळे गेले, तेही माझ्या बापानं आणलेल्या लाकडानं गेले नाहीत. हे माझ्या डोळ्यांतून माझ्या मुलाकडे गेलं आणि त्याच्याकडून त्याच्या लेकीकडे. बोल लावायचा तर या गावानं मला लावावा, माझ्या सुनेला आजपासून नाही. आणि मलाही का लावावा? साका पडला म्हणून कुणी कलमाला शिव्या देतं का? आई, आम्ही मुंबईला जाणार. जाऊ का, हे मी विचारत नाही. आमच्याबरोबर चल, एवढं सांगायला आलेय. तू येणार हे मी धरून चाललेय. नाही आलीस तर परत आल्यावर तुझ्याशी बोलेन."

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. कुणी म्हटले नव्हते. ती थांबली. बाहेर कुठेतरी नारळ पाडीत होते तेवढा आवाज... मग सखारामाने, ज्याने स्वतःच्या हाताने ती कळी लावली होती त्यानेच, मान खाली घालून म्हटले, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागे मी म्हणालो. मग बायका म्हणाल्या. शेवटी, ऐकू येईल न येईल असे, नानाही.

आता सांगा, हिने कौल मोडला? आपण विचारले ते आपल्या भयाने विचारले. देवीने उत्तर दिले ते त्या भयाला दिले. पुढचे बोलणे वत्सलेने स्वतः केले, तिच्या समोर उभे राहून, चोरून नव्हे. मी आयुष्यभर देवापुढे डोळे मिटून बसत आलो. पण ते मिटणे माझ्या इच्छेचे आहे. मनात येईल तेव्हा मी उघडून मूर्ती पाहतो. ज्या बालकाला ती निवडच उरणार नाही, त्याच्यासाठी जी बाई देवापुढे आवाज चढवते, तिची भक्ती माझ्या भक्तीहून उणी आहे, असे मला कुणी पटवून द्यावे. मी वाट पाहतो आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो. मी जप करीत होतो. शेजारी एक मुसलमान बाई होती, आपल्याच किनाऱ्यावरची. नवरा आखातात नोकरीला, तिच्या मुलालाही आत नेले होते. बोलीवरून वत्सलेने तिला लगेच ओळखले, आणि दोघी मासळीच्या भावापासून जावांच्या तक्रारींपर्यंत बोलत राहिल्या. वत्सलेने जन्मात मासळी खाल्ली नाही, हे त्या बाईला शेवटपर्यंत कळले नसावे. मध्येच ती डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तुमी बी मांगा हां काय तरी. माज्या पोरासाठी बी." वत्सला म्हणाली, "मी मागत नाही गो. मी बजावून आलेय. तुझ्या पोराचंही नाव घालते त्यात." मला हसू आवरेना, जपातला मणी चुकला, आणि मी तो पुन्हा मोजला नाही.

मुक्ताचा उजवा डोळा वाचला. आता ती जाड भिंगांचा चष्मा लावून शाळेत जाते, फळ्यावरचे वाचते. डाव्या डोळ्यातला पडदा बराचसा जागेवर बसला, पण नजर अंधूकच राहिली. मग सुरू झाली पट्टी. कमजोर डोळ्याला काम करायला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी चिकटवायची. मुलगी रडायची, ओरबाडायची, वस्तूंवर आदळायची. मंदारला ते पाहवत नसे. तो बागेत निघून जाई. रेवती पट्टी अर्धी चिकटवून काढून टाकी. पट्टी वत्सला लावायची. "रड हो, खुशाल रड. रडताना डोळा चालतोच," असे म्हणत तिच्यामागून अंगणभर फिरायची. येणारीजाणारी माणसे विचारीत, एवढे करून एका डोळ्याने धड दिसतच नाही, मग मिळवलेत काय? एकदा मी तेथे असताना एका आप्ताने हेच विचारले.  मुक्ताच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. ती ओटीवर खेळत होती. वत्सला आवाज न करता उठली आणि दारात जाऊन उभी राहिली, लाल लुगड्यात, मागे अंगणातले ऊन. मुक्ताने मान किंचित वळवली, तिरकी केली, आणि म्हणाली, "आजी, तू दारात का उभी आहेस?" वत्सला त्या आप्ताकडे वळून म्हणाली, "हे मिळवलं." आणि चहा टाकायला आत गेली.

गेल्या वर्षी रेवतीला पुन्हा दिवस गेले. घरात आनंदाबरोबर भीतीही आली. बालक तोच वारसा घेऊन येण्याचा संभव होता. वत्सलेने डॉक्टरांना विचारून घेतले की जन्मल्यावर किती लवकर पाहता येईल. मुक्ताच्या वेळी निरांजनाने सांगितले तेव्हा उशीर झाला होता. या वेळी निरांजनाची वाट पाहायची नाही, कड उपाशी दिसली तर ओढ सुरू होण्याआधीच लेझर करून घ्यायचे. मुलगा झाला. तपासणीचा दिवस तिने ठरवून ठेवला. आणि तो दिवस उगवण्याच्या आधी ती स्वतःच गेली...

तो दिवस सुतकात येत होता. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून आलो, त्यानंतर हा विषय निघाला. नाना म्हणाले, "ओली बाळंतीण, तान्हं पोर, घरात मृत्यू झालेला. तेरावं होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नको. मग काय ते बघू." कुणीतरी पुस्ती जोडली की एकदा देवीला दुखवून पाहिले, आता पुरे झाले. आईची क्रिया मंदार करीत होता. त्याला ती सोडून जाता येत नव्हते. रेवती दाराआड उभी होती, बाळाला घेऊन. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण अशा वेळी शास्त्र मला विचारतात.

मी म्हणालो, "नाना, अशौचाचे नियम माझ्या गुरुजींनी माझ्याकडून घोकून घेतले आहेत. बालक, रोगी आणि त्यांची शुश्रूषा करणारे, यांना अडवण्यासाठी ते केलेले नाहीत. मंदार इथे राहील आणि आईची क्रिया यथासांग करील. विवाहित बहिणीचं अशौच भावाला थोडंच असतं, ते संपलं. रेवतीबरोबर मी जाईन."

"या वयात? आणि देवीचं काय?" नाना म्हणाले.

"देवी त्या वेळी आली होती, नाना. मुक्ता शाळेत जाते, यावरून मला ते ठाऊक आहे. आणि यात दोष असेलच, तर तो माझ्या नावावर राहू द्या. मी लवकरच वर जाणार आहे, समक्ष बोलेन."

माझ्या तोंडी हे बोलणे शोभले नाही, असे नंतर मला कळवण्यात आले. ज्यांना शोभले नाही, त्यांनी हा लेख पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचावा.

ठरलेल्या दिवशी आम्ही मुंबईच्या त्याच इस्पितळात पोहोचलो. रेवती, बाळ, मी. बाळाला आत नेले. किती वेळ गेला हे सांगता येत नाही. मी माळ आणली होती, पण हातात घेतली नाही. डॉक्टरांनी बोलावले तेव्हा ते खुर्चीवर बसले होते. ते मूळचे दक्षिणेकडचे, मराठी अडखळत बोलणारे. त्यांनी आमच्या मागे दाराकडे पाहिले आणि विचारले, "आजी?" रेवतीने सांगितले.  ते खुर्ची मागे सारून उभे राहिले. एवढा मोठा मनुष्य माझ्यासारख्या म्हाताऱ्यापुढे का उभा राहतो आहे, हे मला कळेना. मीही उठू लागलो. रेवती माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "बसा मामा. आई त्यांना बसून सांगू देत नसत. म्हणत, पोरीचे डोळे आहेत, उभं राहून सांगा. आणि 'बघू' म्हणायचं नाही, आज काय दिसलं ते म्हणायचं."

त्यांनी उभे राहून, एकेक मराठी शब्द शोधत सांगितले. दोन्ही डोळ्यांत पडद्याची कड उपाशी आहे. ओढ अजून सुरू झालेली नाही. वेळेवर आणले आहे. लेझर करायला हवे, आणि पुढेही अनेक वर्षे तपासत राहावे लागेल.

"कधी करायचं?" रेवतीने विचारले.

"उद्या सकाळी घेऊ शकतो."

रेवतीने बाळाचे दुपटे नीट केले. ही तीच मुलगी, जी वांग्याचे आणि ग्रहणाचे बोल खालमानेने ऐकत असे. तिने मान वर केली आणि डॉक्टरांकडे पाहत म्हणाली, "आज का नाही?"

डॉक्टर अजून उभेच होते. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले, जणू मी काही सांगणार होतो. मी रेवतीकडे पाहिले. त्यांनी फोन उचलला आणि शस्त्रक्रियागृह दुपारी मोकळे आहे का, म्हणून विचारले.